सासऱ्याचं नाव

फुंदिले हे नाव गावात कुणीही घ्यावं, अगदी दारूच्या बैठकीत ओरडून घ्यावं. नोझुकोनं मात्र घ्यायचं नाही, कारण ती त्यांची सून. नावाचा तुकडा ज्या शब्दात येतो, तोही तिला वर्ज्य. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा घरांत यात नवल नाही. कुणाच्या सासऱ्याच्या नावात पाणी येतं, कुणाच्या नावात गाय. बायका दुसरा शब्द शोधतात नि संसार करतात. नोझुकोच्या वाट्याला आला ‘फुंदा’, म्हणजे वाचणं. आणि ही बया शिकवायची पहिलीला! तेही फुकट, कारण सरकारी बाई सुट्टीवर गेल्या त्या गेल्याच.

ती ‘वाचा’ऐवजी ‘पानाशी बोला’ म्हणायची. पुस्तकात तो शब्द आला की बोट पुढं सरकवायची. मुलं पानांशी झकास बोलू लागली. शाळा समितीचे अध्यक्ष खुद्द सासरेबुवा. “आमच्या सुनेनं माझं नाव कधी तोंडातून सांडलं नाही,” असं चारचौघांत सांगायचे.

मग शिक्षण खात्याच्या कचेरीतून डलोवा साहेब तपासणीला आले. मुलांना वाचता येत नसेल तर वर्ग बंद, मुलांनी नदीपलीकडच्या शाळेत जायचं. नदीला पूल नाही, हे कचेरीच्या नकाशात दिसत नसावं.

अध्यक्ष म्हणून सासरेही वर्गात खुर्ची टाकून बसले होते. साहेबांनी सिनाझो नावाच्या चिमुरडीला कागद दिला. पोरगी धडाधड वाचत सुटली, “आई पाणी आणते. आई मका भाजते. आई...” आणि तोंडावर हात ठेवून थांबली. पुढं तोच शब्द होता. वर्ग खुदखुदला.

“अडलं का?” साहेब म्हणाले.

“वाईट शब्द आहे, साहेब. बाई कधीच म्हणत नाहीत.”

“म्हणजे पाठांतर! बाई, यांना वाचता येत नाही.”

“म्हण बाळा, काही होत नाही,” नोझुको म्हणाली.

“आधी तुम्ही म्हणा.”

नोझुकोनं सासऱ्यांकडं पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. ते मांडीवरच्या हॅटची धूळ झटकत राहिले.

“फुंदा,” ती म्हणाली.

“फुंदा! फुंदा!” सगळा वर्ग बाकांवर उभा राहून किंचाळला. सिनाझोनं उरलेला कागद एका दमात वाचला. “वर्ग राहील,” साहेब म्हणाले, “पण या सत्रात एकही दिवस बंद दिसता कामा नये.”

सासरे तोवर निघून गेले होते.

संध्याकाळी ते सुनेशी बोललेच नाहीत, भिंतीला सांगावं तसं बायकोला म्हणाले, “तिला सांग, माहेरी जा, नाव उच्चारल्याच्या दंडाची बकरी आण. तोवर माझ्या अंगणात पाऊल नको.”

खाणीवरून नवऱ्याचा फोन आला. “अगं, हळू म्हणायचंस ना!”

“हळू म्हटलं असतं तर तुझ्या बापाला ऐकू आलं नसतं, होय रे?”

माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. गेली तर वर्गाला कुलूप. ती गाठोडं घेऊन शेजारीण मामभेलेच्या झोपडीत गेली.

“बकरी आण नि मोकळी हो की!” मामभेले करवादली.

“आणि मुलं नदीत घालू?”

“अन् तुझं घर?”

नोझुकोनं गाठोडं उशाला घेतलं.

सकाळी शाळेची वाट सासरच्या फाटकावरूनच होती. सासरे बाहेर खुर्ची टाकून बसले होते. तिनं डोक्यावरचं फडकं कपाळावर ओढलं, वाकली आणि पुढं निघाली. मागं त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही.