चौथं नाव

मी सरपंच असताना गावात बरीच कामं झाली. अंगणवाडीला भिंत झाली, शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह झालं. लोक अजून बोलून दाखवतात आणि मी मान डोलावते. पण एक ग्रामसभा आठवली की घास हातातच राहतो.

त्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या बाईंनी सगळ्या लेकरांचे दंड मोजले. मोजायच्या पट्टीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग असतात. लाल म्हणजे लेकरू फार खंगलेलं, साध्या जुलाबानंही हातचं जाईल असं. आमच्या गावात अशी चार निघाली. त्यांच्यासाठी अंगणवाडीतच केंद्र सुरू करायचं ठरलं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवायचं, औषध द्यायचं, आईनं सोबत बसायचं. ग्रामपंचायत सगळं पुरवणार होती. पण आया यायला तयार नव्हत्या.

मी पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, ग्रामसभेत नावं वाचते, चारचौघांत नाव निघालं की बरोबर जाग येते. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "काकू, असं नका करू." मी त्यांना गप्प बसवलं आणि कागद मागून घेतला. त्यावर चौथं नाव माझ्या नातवाचं होतं.

दाराशी दोन म्हशी आणि घरातलं लेकरू लाल पट्टीत! दूध सकाळी गाडीनं औंढ्याच्या डेअरीला जायचं आणि पोरगं चहा-बिस्किटावर राहायचं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. तरी मी भर सभेत तीन नावं खणखणीत वाचली, आईबापांच्या नावांसकट. वर दोन शब्द सुनावलेही. मग कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

तिसरं नाव ज्या लेकराचं, त्याची आई मागे बसली होती. मजुरीला जाणारी बाई, लेकरू मांडीवर. सभा संपायच्या आत ती उठून गेली.

केंद्र सुरू झालं तेव्हा दोघी आल्या, खाली मान घालून. ती आली नाही. अंगणवाडीच्या बाई दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या. लेकरू मामाच्या गावाला गेलंय, असं तिनं सांगितलं. शेजारीण म्हणाली, कुठला मामा, लेकरू घरातच आहे, कालपासून जुलाब लागलेत. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. मी स्वतः गेले.

तिनं दारातच अडवलं. "नाव वाचलं म्हून राग न्हाई, काकू. वाचलं ते खरंच व्हतं. पर पट्टीला तुमची सून अन् मी एकाच रांगेत उभ्या होतो. तिच्या पोराची बी लालच निघाली. चवथं नाव कव्हा येतंय म्हून मी बसून होते. आलं न्हाई, मंग उठले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशीबशी म्हणाले, "उद्या मी नातवाला घेऊन येते. तू पण ये. लेकराचा जीव महत्त्वाचा." तिनं मान हलवली.

ती आली. मजुरी बुडवून, लेकराला कडेवर घेऊन आली आणि सतरंजीवर बसली. मी एकटीच गेले होते. सकाळी नातवाला आंघोळ घालून तयार केलं होतं, पण सगळा गाव बघणार म्हणून पाय उचलला नाही. "नातू कुठंय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तापलाय." असे चार दिवस ती रोज विचारत राहिली आणि मी रोज तेच सांगत राहिले. तिच्या लेकराचे जुलाब थांबले. ते वाटीकडं हात करायला लागलं. मी मात्र जिथल्या तिथं.

पाचव्या दिवशी दुपारी ती आमच्या दारात आली. ओसरीवर बचत गटाच्या बायका बसल्या होत्या. तिच्या हातात झाकलेली वाटी होती. अंगणात नातू कोंबडीच्या पिलामागं पळत होता, मुठीत बिस्किट.

"काय आणलंस गं?" कोणीतरी विचारलं.

"गुळवेलीचा काढा. काकूचा नातू तापलाय ना, म्हून."

सगळ्या बायका आधी पोराकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागल्या. तिनंही पोराकडं बघितलं. माझी लाज काढायला तिला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी तिच्या तोंडाकडं बघत बसले. आता ही बोलणार, आणि बोललीच पाहिजे, असं मला वाटलं.

"उतरला वाटतं," ती म्हणाली. "बरं झालं, काकू. चार दिवस लई तकलीफ झाली लेकराला." मग तिनं वाटी पायरीवर ठेवली. "मंग उद्या घेऊन या. मी माझ्यापाशी जागा धरून ठेवते."

ती वाटी उचलायला मी वाकले, आणि ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मला मान वर करता आली नाही.