डब्यातून गेलेला पासवर्ड

आमच्या घराला स्वतःचा मीटर नव्हता. नाशिक रोडला मालधक्क्याच्या मागे पत्र्याची एक खोली, तीत आई, वडील आणि मी. वडील धक्क्यावर हमाली करायचे. वॅगनमधून सिमेंट उतरलं की ते भुवयांसकट पांढरे होऊन घरी यायचे आणि आई त्यांना दारातच थांबवायची, "आत नका येऊ, आधी झटका." उजेड शेजारच्या काकूंच्या घरातून यायचा. त्यांच्या खिडकीतून निघालेली एक वायर आमच्या पत्र्याखालून आत आली होती, तिच्या टोकाला एक बल्ब. काकांना ते पसंत नव्हतं. "तार जळाली तर घर आपलं जाईल," असं ते मोठ्यानं म्हणायचे, आम्हाला ऐकू जावं म्हणून. काकू त्याहून मोठ्यानं म्हणायच्या, "पोरगी अभ्यास करती. जळू द्या घर."

त्या बल्बखाली मी दहावी, बारावी आणि पुढे बी.कॉम. झाले. हे मी मुद्दाम सांगते. माझ्याआधी आमच्याकडे कोणी कॉलेजच्या गेटच्या आत पाय ठेवलेला नव्हता.

पुढे पत्रा जाऊन स्लॅब आला, मीटर आला, काका गेले. मला नाशिकातच द्वारका चौकाजवळ एका ऑफिसात काम मिळालं. आजारी लोकांच्या विम्याचे कागद तपासायचे, कशाचं ऑपरेशन, कोणती औषधं, सगळं बघून पुढे पाठवायचं. काही दिवसांनी ऑफिसनं सांगितलं की आता घरून काम करा. मी अजून कायम झालेली नव्हते. कायम व्हायला दोन गोष्टी लागणार होत्या: काम बिनचूक, आणि घरचं वायफाय बंदिस्त, म्हणजे बाहेरच्या कोणाला त्यात शिरता येऊ नये. ते ऑफिसचा माणूस फोनवरून तपासणार, आणि त्याला शंका आली तर नोकरी तिथेच संपणार.

कनेक्शन जोडायला आलेल्या माणसानं भिंतीला भोक पाडलं, वायर आत ओढली आणि टीव्हीच्या वरच्या फळीवर राऊटर ठेवला. पासवर्ड त्यानंच माझ्या लॅपटॉपमध्ये टाकून दिला. "खाली स्टिकरवर सगळं आहे मॅडम, नंतर बदलून घ्या," म्हणाला आणि गेला. आईनं राऊटरला हळद-कुंकू लावलं. वडिलांनी विचारलं, "ह्याच्यातून पालीला करंट बसंल का?" मी नाही म्हटलं, तरी त्यांनी त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली. ती मी काढायची, ते घालायचे. पासवर्ड बदलायचं मात्र आज-उद्यावर राहिलं. काम चालू होतं, मग घाई कसली?

महिनाभरात नेट रडायला लागलं. कागद वर जाता जात नव्हते, मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसच्या त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, राऊटरच्या आत जा आणि कोण कोण जोडलेलं आहे ते बघा. आत जायला वेगळा पासवर्ड असतो. जोडणाऱ्यानं स्वतः ठेवलेला त्याला फोन करून विचारला आणि टाकला, चालला नाही. कोणीतरी तो बदलला होता. कोणी, ते मला आजही माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

"मग मागच्या भोकात पिन दाबून रीसेट करा," तो म्हणाला. "राऊटर पहिल्यासारखा होईल. नेट कंपनीला सांगा, ते वरून चालू करून देतील. पण आत शिरायला स्टिकरवरचा पासवर्ड लागेल."

मी राऊटर उलटा केला. स्टिकर नव्हता. चौकोनी डाग तेवढा होता.

"आई, ह्याच्याखालचा पांढरा कागद कुठाय?"

"तो व्हय. तो वहिनींना दिला ना."

"दिला म्हणजे?"

"अगं, त्यांचा भरताचा डबा आलता. रिकामा कसा धाडू? घरात त्या दिवशी साखरसुद्धा नव्हती. आन् त्या म्हणत व्हत्या, काय नको, पोरीच्या नेटमधलं थोडं दे. तूच म्हणली ना, पासवर्ड खाली चिकटवलेला हाय. मग सोडवला आन् ठेवला डब्यात." मग जरा अभिमानानं, "कोमट पाणी लावून सोडवला. फाटू नाय दिला."

आमच्या गल्लीत शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर मीठ, दोन लवंगा, परसातल्या कढीपत्त्याची डहाळी. आई शाळेत गेलेली नाही. तिच्या लेखी तो बारीक इंग्रजी अक्षरांचा कागद घरातली सगळ्यात नवी, सगळ्यात मोलाची वस्तू होती, आणि तीच तिनं तिच्या वहिनींना, म्हणजे शेजारच्या काकूंना, दिली.

काकूंच्या घरी गेले. स्टिकर फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता, कॅलेंडरच्या शेजारी. त्यांच्या सुनेनं सांगून टाकलं, "सगळी गल्ली इथंच येऊन फोटो काढून नेते."

"ये गं साहेबीणबाई," काकू कॉटवरून म्हणाल्या. "आज आमच्याकडे कशी वाट वाकडी केली?"

"काकू, तो स्टिकर परत पाहिजे."

"घे की. तुझाच आहे. मी काय गिळला का?"

गोड बोलून काम काढणं मला जमत नाही. मी सरळ सांगितलं, "स्टिकर नेऊन मी पासवर्ड बदलणार आहे. नवा कोणालाच देता येणार नाही. ऑफिसचा नियम आहे. लोकांच्या आजारपणाचे कागद असतात माझ्याकडे."

"आमच्या टीव्हीनं वाचले का गं ते कागद?"

सून हसली, मीही हसले. म्हटलं, "टीव्ही नाही वाचत. पण तुमच्यासाठी दार उघडं ठेवलं की त्याच दारानं कोणीही परकं आत येतं."

"परकं?" काकूंनी चष्मा काढला. "ह्या गल्लीत परकं कोण आहे ते सांग."

मी गल्ली डोळ्यासमोर आणली. एकही नाव सांगता येईना.

"नोकरी जाईल काकू माझी."

त्यांनी चष्मा परत लावला. हातानंच फ्रिजकडे दाखवलं. मी नखानं कोपरा उचलायला लागले तेव्हा म्हणाल्या, "हळू. तुझ्या आईनं जपून सोडवलाय तो."

वायरीचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मग मला भांडता आलं असतं, ती वेळ वेगळी होती, हे काम वेगळं आहे, असं काहीतरी. त्यांनी मला एका शब्दाचीही सोय ठेवली नाही.

घरी येऊन आईच्या पदराची पिन राऊटरच्या भोकात घातली आणि दिवे विझून पुन्हा लागेपर्यंत दाबून धरली. कंपनीनं वरून नेट चालू केलं. आत शिरल्यावर आधी आतला पासवर्ड बदलला, मग वायफायचा. लांब ठेवला, कोणाच्या वाढदिवसाचा नाही, देवाच्या नावाचा नाही. बटण दाबून कोणालाही जोडून घेणारी सोय बंद केली. नवं सॉफ्टवेअर आलं होतं ते भरलं. घरातला म्हणून वडिलांचा फोन तेवढा नव्यानं जोडला आणि यादी उघडली तर त्यात माझा लॅपटॉप आणि तो फोन, बस. बाहेर ओट्यावर कोणीतरी म्हणालं, "नेट गेलं का रे?" मी पडदा सरकवला.

तपासणी झाली. तो माणूस म्हणाला, "एकदम ओके आहे मॅडम." बोलता बोलता त्यानंच सांगितलं की राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं, पाहुण्यांना नेट मिळतं, पण ते तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाहीत. ऑफिसलाही ते चालतं. हे मला एक दिवस आधी कळायला हवं होतं. रविवारी मी ते केलं, पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहिला आणि काकूंकडे गेले.

"नको गं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "सुनेनं रिचार्ज मारलाय. आम्हाला पुरतं तेवढं."

"ठेवून तर घ्या."

"कशाला? उद्या तुझ्या ऑफिसनं आणखी काही काढलं तर पुन्हा तुलाच यावं लागेल मागायला."

मी कागद घेऊन परत आले. आईनं संध्याकाळी शेवभाजी केली आणि डबा भरून स्वतः नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी काकूंची सून डबा देऊन गेली. घासलेला, पुसलेला, आत काही नाही. आईनं झाकण काढलं, आत बघितलं, पुन्हा लावलं. म्हणाली, "विसरल्या असतील." पुढच्या वेळीही तसाच आला. मग आईनं पाठवणं थांबवलं. तिनं मला बोल लावला नाही. पण दुपारी दोघी ओट्यावर गहू निवडायला बसायच्या, ते हळूहळू बंद झालं, आणि आई आतच टीव्हीसमोर ताट घेऊन बसायला लागली.

चूक कोणाची, असं कोणी विचारलं तर मी आजही सांगेन, कोणाचीच नाही. कागद आजारी माणसांचे होते, ते उघड्यावर ठेवता येत नव्हते. काकूंचं दुखणंही खोटं नव्हतं. पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा पासवर्ड बदलेन. आणि पुन्हा मला असंच वाईट वाटेल.

पाहुण्यांचं नेटवर्क मी चालूच ठेवलं आहे. त्याच्या यादीत कोणी नसतं.

महिनाअखेरीला ऑफिसचं पत्र मेलवर आलं. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे उद्यापासून येऊ नको, आसं आता कोणी म्हणणार नाय?"

"असं एकदम नाही म्हणता येणार त्यांना."

"लिहून दिलंय?"

"लिहून दिलंय."

आईनं पेढे आणले, गल्लीत वाटले. काकूंच्या घरी सुनेनं पेढा दारातच घेतला. काकू झोपल्या आहेत, म्हणाली.

मी कायम झाले. आमच्या घरात कायमची नोकरी मिळालेली मी पहिली आहे.