अण्णांच्या औषधाचा रंग

मुलुंडच्या नलिनीला सतत ‘का?’ विचारायची खोड होती. इंग्रजी चौथीनंतर शाळा सुटली, खोड मात्र सुटली नाही.

१९५४ च्या मार्गशीर्षात तिच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या पोटात पुन्हा मुरडा आला. दवाखान्यातून नेहमीचं मिक्स्चर आणलं. सकाळी एक डोस दिला, दुपारी दुसरा. तासाभरात अण्णांचा चेहरा लालबुंद झाला, घशाला कोरड पडली. हवेतले न दिसणारे दोरे वेचत ते म्हणाले, “जानकी, या मुंग्या झटक आधी.” जानकी म्हणजे सासूबाई. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

शेजारच्या मालनताई घाबरल्या. “बाहेरचं लागलंय गं. नारळ उतरव.”

“पण काल तर चांगले होते ना? आज नवीन काय घडलं?” नलिनी म्हणाली.

फडताळात जुन्या बाटलीच्या तळाशी चमचाभर औषध उरलं होतं. तिनं दोन्ही बाटल्या खिडकीशी धरल्या. जुनं औषध फिकट, नवं हिरवट काळं. अण्णांजवळ मालनताईंना बसवून ती दोन्ही बाटल्या घेऊन दवाखान्याकडे धावली.

कंपाउंडर गुणाजी मालवणकडचे, सतरा वर्षं तिथंच. त्यांनी नवी बाटली हुंगली, तारेला टोचलेली डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि औषधापुढच्या खुणेवर बोट ठेवलं.

“वहिनी, थेंब लिहिलेत. मी ड्रॅम घातले.”

“म्हणजे किती जास्त?”

“साठपट. बेलाडोना... जहर आसा ता.”

त्यांनी लपवाछपवी केली नाही. स्वतःच डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी घरी येऊन अण्णांचं पोट धुतलं, दिवेलागणीपर्यंत उशाशी बसले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी नलिनीला नावानं ओळखलं. पेपरातली अक्षरं मात्र दोन दिवस पुसटच दिसत होती.

नलिनीचा नवरा श्यामकांत पोलिसांत जायला निघाला होता. नलिनीनं आधी चिठ्ठी मागून घेतली. थेंबाची खूण आणि ड्रॅमची खूण, घाईत लिहिल्या तर सारख्याच.

“डॉक्टर, सरळ ‘थेंब’ असं का लिहीत नाही तुम्ही?”

डॉक्टर चिडले. पण पुढच्या आठवड्यापासून अक्षरी लिहू लागले. श्यामकांतही शांत झाला.

गुणाजींचा मात्र स्वतःवरचा विश्वास उडाला. दुसऱ्या कुणी चिठ्ठी मोठ्यानं वाचल्याशिवाय ते बूच लावेनात. मग नलिनीच वाचायला जाऊ लागली. वाचता वाचता प्रत्येक बरणीत काय आहे, ते कशानं बनतं, हे विचारू लागली. तीन वर्षांनी ती कंपाउंडरच्या परीक्षेला बसली. पहिल्या खेपेला नापास झाली. दुसऱ्या खेपेला पास.