गवईकाकांचा सफारी

शेषराव गवईकाका जयपूरला रेल्वेत क्लार्क होते आणि संध्याकाळी आमच्या, मुलींच्या बेसबॉल संघाचे मॅनेजर. पन्नाशीतही ते आमच्यासारखाच घट्ट पांढरा ड्रेस घालायचे. लोक त्यांच्या पोटाकडे बघून हसायचे. "पूर्वी मॅनेजर स्वतःच खेळायचा, तेव्हापासूनची पद्धत आहे ही," हे सांगून सांगून काका वैतागले होते.

२००६च्या फायनलला पाहुणे येणार म्हणून क्लबच्या अध्यक्षांनी त्यांना सफारी घालायला लावला. म्हणे, मॅनेजरसारखे दिसा! ड्रेसशिवाय मैदानात उतरता येत नाही, हे काकांनी परोपरीनं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "अरे, कौन पूछता है!"

अंपायरने विचारलं ना! शेवटच्या डावात मी टाकलेले चेंडू भलतीकडेच जायला लागले. मला धीर द्यायला काका धावत निघाले, तर त्याने त्यांना रेषेवरच अडवलं. ते तिथूनच घसा फोडून ओरडत होते, पण ढोलांच्या गोंगाटात मला काही म्हणजे काही ऐकू येईना. आम्ही हरलो.

मी रडत बाहेर आले, तर अध्यक्ष काकांवरच डाफरत होते, "लड़की अकेली रो रही थी, गवईजी! आप अंदर क्यों नहीं गए?"