लाटणं बसवलेली बंदूक

आमच्या बाबांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली स्वेच्छा कंपनीची होती. पिंपरीकडच्या त्या कारखान्यात परदेशी यंत्रं आली आणि ज्या मशीनवर बाबांनी अर्धं आयुष्य काढलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढलं. तेव्हापासून सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते खुर्ची टाकून बसून असायचे. आईने काही काम सांगितलं की म्हणायचे, "आम्ही आता भंगारातले." चेष्टेनेच म्हणायचे, पण रोज म्हणायचे, आणि मला त्याची धास्ती वाटायला लागली होती. पूर्वी हा माणूस बंद पडलेलं घड्याळ दिसलं तर जेवण सोडून उठायचा. आता स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि ते तो गळताना ऐकत बसायचे.

मी नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले होते.

"म्हणजे नेमकं काय करतेस?" बाबांनी विचारलं होतं.

"दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते."

"आणि त्याचा पगार देतात?" त्यांनी आईकडे बघितलं. "आपल्याकडे हे काम इतकी वर्षं फुकट चाललंय."

कंपनीने एकदा आम्हा सगळ्यांना लोणी काळभोरजवळ पेंटबॉल खेळायला नेलं. तिथल्या एका तरुण शेतकऱ्याने पडीक रानाला जाळी लावून आत पिंपं आणि टायर रचले होते. तोंडावर मुखवटा चढवायचा, आडोशाला दबा धरायचा आणि गोटीएवढ्या रंगाच्या गोळ्यांनी एकमेकांना रंगवायचं. ज्याला रंग लागला तो बाद. बंदुका पंपाच्या होत्या. दर गोळीला नळीखालची मूठ मागे ओढून पुढे ढकलायची, की मग ती पुढची गोळी मारायला तयार. माझे हात आखूड, मुठीपर्यंत पुरायचे नाहीत. मी दुसरी गोळी भरेपर्यंत समोरचा मला रंगवून चहाला गेलेला असायचा. तरीही मला त्या खेळाचं वेड लागलं. दिवसभर खुर्चीत बसून खालमानेने काम करणाऱ्या मुलीला चिखलात पालथं पडून ओरडायला मिळतं, याचं सुख काय सांगू.

पुढे त्या शेतकऱ्याने ऑटोमॅटिक बंदुका आणल्या आणि पंपाच्या काढून टाकायला घेतल्या. त्यातली एक मी जवळजवळ रद्दीच्या भावात घेतली, चादरीत गुंडाळली आणि स्कूटरवर घालून घरी आणली.

आईने चादर उघडून बघितलं. "या घरात लोक मुलगी बघायला येतात," ती म्हणाली. "हे कुठे मांडून ठेवू? शोकेसमध्ये?"

गॅलरीतून बाबा आत आले. बंदूक हातात घेतली, उलटी केली, मूठ एकदा ओढून पाहिली. "कोणी केलंय हे?" त्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांनी त्यांच्या आवाजात दुसऱ्याच्या कामाबद्दलची ती जुनी तुच्छता होती. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी आई लाटणं शोधत होती. "अहो, लाटणं पाहिलंत का?"

"पाहिलं," बाबा म्हणाले. ते खरंच होतं. लाटण्याला मधोमध भोक पाडून त्यांनी ते मुठीच्या जागी बसवलं होतं, मागच्या बाजूला चांगलं लांब, माझा हात पुरेल असं. तुळशीबागेतून नवीन लाटणं येईपर्यंत आमच्या पोळ्या सरबताच्या बाटलीने लाटल्या गेल्या आणि आई बाबांशी फक्त माझ्यामार्फत बोलली.

त्यानंतर बाबा थांबले नाहीत. मोडक्या खुर्चीचा हात कापून त्यांनी खांद्याला टेकवायचा दस्ता केला आणि त्यावर सायकलची जुनी ट्यूब ताणून चढवली. जास्तीच्या गोळ्या ठेवायला वायरिंगच्या पाइपचे तुकडे कापले. त्यांना बूच म्हणून कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांची झाकणं घासून बसवली. नळी आतून पुसायला छत्रीच्या काडीला आपलं बनियन गुंडाळलं. ट्रिगर जड वाटत होता म्हणून त्याची परत येण्याची स्प्रिंग बॉलपेनातली घातली, त्यामुळे घरातलं एकही पेन धड लिहीना. रोज मी ऑफिसातून आले की बाबा दारातच विचारायचे, "मूठ आता कशी वाटते? खरं सांग." मी खरं सांगायचे. ते लगेच पुन्हा खोलायला बसायचे. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की नळ गळत नाहीये.

डिसेंबरात आमची आणि प्रोग्रॅमिंगवाल्यांची मॅच ठरली. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीही चला." ते दाढी करून, स्वेटर आणि माकडटोपी घालून तयार झाले. निघण्यापूर्वी त्यांनी पंपाला तेल दिलं आणि तो चार वेळा मागेपुढे केला. उबदार घरात तो अगदी मऊ चालला. मग स्कूटरवर माझ्या मागे, बंदूक मांडीवर घेऊन बसले.

मैदानावर हुडहुडी भरेल अशी थंडी होती. मी एका पिंपामागे बसले. पहिली गोळी सुटली, दुसरी सुटली, तिसऱ्यांदा मूठ ओढली तर ती हलेना. असल्या बंदुकीत गोळी ढकलायला गॅसची नळकांडी असते आणि गॅस सुटला की आतला भाग बर्फासारखा गार पडतो. मी वाकून बघितलं. पंपावर पांढरं, तुपासारखं काहीतरी थिजलं होतं. त्याला आईच्या केसांचा वास होता.

खोबरेल.

"सोड ना यार ते भंगार," आमचा टीम लीड मागून ओरडला. "एक ऑटोमॅटिक घे आणि ये लवकर."

बाबा जाळीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा गॅलरीतल्या खुर्चीतला झाला. मला टीम लीडचा एवढा राग आला की बंदूक चालत असती तर त्यालाच रंगवला असता.

मी हात वर करून खेळातून बाहेर आले आणि जाळीपाशी गेले. "बाबा, खोबरेल घातलंत?"

"मशीनच्या तेलाने पंपातलं रबर फुगतं," ते म्हणाले. "म्हणून." मग त्यांनी त्या पांढऱ्या थरावरून बोट फिरवलं. "डिसेंबर आहे," ते स्वतःलाच म्हणाले.

त्यांनी बंदूक घेतली, स्वेटरच्या आत पोटाशी धरली आणि बांधावर उन्हात जाऊन बसले. मी शेजारी बसले. टीम लीड हाका मारत राहिला, मी गेले नाही. ऊन तापलं, तेल वितळलं, मूठ हलली. शेवटच्या डावात मी उतरले, एकालाही बाद करू शकले नाही आणि मुखवट्यावर निळी गोळी खाऊन परत आले.

परत येताना आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. मागून बाबांचा आवाज आला, "तुमच्या ऑफिसात एखाद्याच्या कामात अशी चूक निघाली, की त्याचं काय करता? टाकून देता?"

"नाही. ज्याने केलंय त्याच्याकडेच परत पाठवतो. त्यानेच दुरुस्त करायचं."

"दुसऱ्या कोणाला देत नाही?"

"त्या कामाची त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला नसते, बाबा."

एक ट्रक हॉर्न देत पुढे गेला. बाबांनी मांडीवरची बंदूक सारखी केली.

"बरी पद्धत आहे," ते म्हणाले. "हडपसरला थांबव गाडी. रबराला चालेल असं तेल बघू."