छू म्हणायचं नाही

अख्ख्या नेदरलँड्समध्ये लांडग्याची मनापासून वाट पाहणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. कित्येक पिढ्यांनंतर या देशात लांडगे परतले तेव्हा लोकांचे दोन तट पडले. लांडगा आला हे बरं झालं म्हणणारे एकीकडे, आणि मेंढ्या खाल्ल्या तर काय म्हणणारे दुसरीकडे. आमचे शेजारी तिसरीकडे, एकटेच. त्यांना लांडगाही हवा होता, मेंढ्याही वाचायला हव्या होत्या, आणि दोघांच्या मधे धावायला एक कुत्रं हवं होतं. "लांडगं हाय म्हंजे रान जित्तं हाय, पाव्हणं," ते मला मागच्या अंगणातल्या कुंपणावरून सांगत, "आन् रान जित्तं असलं की कुत्र्याला काम हाय." मी तेव्हा बहुधा कचऱ्याचा डबा बाहेर काढत असे. मान डोलावून आत जात असे.

आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेन गावातल्या आमच्या शांत गल्लीत भारतीय घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. ते जत तालुक्यातले. आजोळ मेंढरांचं, आणि मामा कारवानी कुत्र्यांच्या जोड्या बाळगून होता. लांब नाकाची, पोट पाठीला लागलेली ती कुत्री माळावर कळपाच्या मागे आलेल्या लांडग्याला उठवत आणि दोन्ही बाजूंनी घेरत. शेजाऱ्यांनी हे लहानपणी पाहिलं होतं, आणि त्यानंतर पाहिलेली कुठलीच गोष्ट त्यांना तितकी खरी वाटली नसावी. वीस-बावीस वर्षं ते आइंडहोव्हनच्या एका कंपनीत यंत्रांची थरथर मोजायचं काम करत होते. केसाच्या हजाराव्या भागाइतकी थरथर झाली तरी ते यंत्र नापास करत. ऑफिसात त्यांचं इंग्रजी एखाद्या प्राध्यापकासारखं. घरी आले की जत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही पुण्याची मंडळी त्यांच्या बोलण्याला हसत असू. मीही हसलो आहे. ते त्यांना दिसत असे, आणि ते आम्हाला पुन्हा प्रसादाची वाटी भरून देत.

कुत्रं घ्यायचं ठरल्यावर निवडायलाच त्यांना तीन वर्षं लागली. "कुत्रं निवडायचं म्हंजे सोयरीक जमवायची," असं म्हणत त्यांनी जगातल्या लांडग्यामागे धावणाऱ्या यच्चयावत जातींची एक्सेल शीट केली होती. नजर, वेग, दम, आज्ञा असे रकाने, आणि शेवटी शेरा. आयर्लंडच्या उंचच उंच कुत्र्यापुढे शेरा होता, 'हे घोडं आहे.' रशियाच्या झुपकेदार कुत्र्यापुढे, 'केस विंचरायला नोकरी सोडावी लागेल.' तुर्कस्तानचं एक राखणीचं कुत्रं सगळ्या रकान्यांत पहिलं आलं होतं, पण त्यापुढे, 'वहिनींना घाबरवेल' असं लिहून खोडलं होतं आणि वर दुरुस्ती केली होती, 'बायकोला.' मी त्यांच्या बायकोला वहिनी म्हणतो, आणि ती शीट ते मला वाचून दाखवत, म्हणून 'वहिनी' झालं असावं. कारवानी कुत्रं भारतातून आणणं जमेना. शेवटी स्पेनमध्ये शिकारीचा मोसम संपल्यावर मालकांनी टाकून दिलेली कुत्री इथे आणणाऱ्या एका संस्थेकडे ते गेले. तिथे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक गव्हाळ रंगाची कुत्री भिंतीकडे तोंड करून थरथरत उभी होती. शेजारी तिच्यापाशी उकिडवे बसले, आणि सोयरीक जमली.

"अहो, ती घाबरलीय," मी म्हणालो. गाडी चालवायला मला नेलं होतं.

"घाबरू द्या. सुटायच्या आदी कुत्रं थरथरलं पायजे. न थरथरणारं कुत्रं आन् थरथरणारं मशीन, दोनी बाद."

तिचं नाव त्यांनी हरणी ठेवलं. लांडग्यामागे धाडायच्या कुत्रीचं नाव हरणी ठेवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. ती सायकलच्या घंटीला भ्यायची, सुपरमार्केटच्या कागदी पिशवीला भ्यायची, आमच्या मांजराला तर फारच. आमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की भिंतीपलीकडे वहिनींचा आवाज यायचा, "आवो, गेली बगा लांडगा मारणारी सोफ्याखाली!" शेजारी म्हणायचे, "सोफ्याखाली गेली तर गेली. रानात जाईल का बग."

रानात ती गेली ती एका शब्दावर. त्यांच्या मामाच्या शिकवणीचं सगळं सार त्या शब्दात होतं. कुत्र्याला काही झालं तरी आपणहून सुटू द्यायचं नाही. धन्याच्या तोंडून 'छू' आलं की सुटायचं, आणि तो शब्द कधीही वाया घालवायचा नाही. "फुकटचा छू म्हनला की कुत्रं खोटं पडतं. मंग ते आपलं ऐकत न्हाई, आन् ऐकू बी नये." म्हणून त्या घरात 'छू' म्हणायला बंदी होती. पोराला लागलं तर 'छूमंतर' म्हणायची सोय नव्हती. वहिनींनी फोनवर बहिणीला "पैसे छू झाले" म्हटलं तेव्हा हरणीने दारावर उडी घेतली आणि शेजारी दोन दिवस वहिनींशी बोलले नाहीत.

शिकवणी दर रविवारी, गावाबाहेरच्या माळरानाच्या कडेला, कुत्री मोकळी सोडायची परवानगी आहे त्या पट्ट्यात. लांडगा मी होतो. माझ्या सायकलच्या मागे दोरीने एक काळं घोंगडं बांधलेलं असे, थेट जतहून आलेलं, मेंढराच्या वासाचं. एका कंपनीत गुणवत्ता विभागाचा प्रमुख असलेला, गुडघे दुखणारा मी, जीव खाऊन पायडल मारायचो. "मागं बगू नका, पाव्हणं! लांडगं मागं बगत न्हाई!" असा ओरडा यायचा, मग क्षणभर शांतता, मग "छू!" आणि मग पाठीमागून पायांचा आवाजही न होता घोंगड्याला जो हिसका बसायचा, त्याने मी दोनदा काटेरी झुडपात गेलो. खरी कसोटी पुढे होती. इथे लांडग्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या अंगाला दात लागता कामा नये. मामाला आपल्या कुत्र्यांना हे शिकवावं लागलं नव्हतं. शेजाऱ्यांनी ते स्वतः बसवलं. दात घोंगड्याला टेकायच्या आत "यूऽ यूऽ" अशी हाक द्यायची आणि तिने वळायचं. डच भाषेत 'यू' म्हणजे 'आपण'. तिथे फिरायला येणारे एक आजोबा मला म्हणाले की कुत्र्याशी इतक्या अदबीने बोलणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नाही. सहा महिन्यांनी हरणी खरंच वळू लागली. "जाताना बाण, येताना लेकरू," शेजारी म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

माळरानावर एक डच मेंढपाळीण कळप चारते. तिची दोन कोकरं लांडग्याने नेली होती. शेजारी तिच्याकडे चार वेळा गेले. ती आधी हसली, मग ऐकून घेऊ लागली, आणि शेवटी म्हणाली, येत्या शनिवारी कुत्रीला घेऊन या. कळपाजवळ ती हाक मानते का ते बघते. मानली, तर कळपाबरोबर चाला. ही बातमी सांगायला शेजारी तिथून थेट आमच्या दारात आले. कंपनीत बढती मिळाली ती त्यांनी मला आठवड्याने सांगितली होती, तीही पेढे उरले होते म्हणून.

त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी त्यांना ताप आला. सकाळी हरणीला फिरवायला मी गेलो. दारात त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. "दोरी सोडायची न्हाई. आन् त्यो शबुद..."

"माहीत आहे हो मला," मी जरा तुटकच म्हणालो. नऊची मीटिंग होती.

आता जे लिहितो आहे ते मी दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्या बायकोलाही नाही. पाऊस भुरभुरत होता, धुकं होतं. माळरानाच्या कडेला हरणी नुसती हुंगत उभी राहिली, उरकेना. कुत्री बांधून ठेवा अशी पाटी माझ्या समोर होती. मीटिंगचा फोन वाजला, एका हातात छत्री होती, म्हणून मी दोरीचा आकडा तिच्या पट्ट्यातून काढला. दोन मिनिटांनी काय होतंय, असं मला वाटलं. फोन कानाला लावून, तोंडाजवळचा भाग अंगठ्याने झाकून, मी खाली वाकलो आणि माझी मुलगी लहान असताना तिला पायावर धरून मी जे म्हणायचो तेच अगदी नकळत म्हणालो. "शूऽ... शू कर... शू!"

ती थरथरली. मग बाण सुटला.

समोर लांडगा नव्हता, काहीच नव्हतं. तिला सांगितलं होतं म्हणून ती गेली. मी "यूऽ यूऽ" ओरडलो, पण ती हाक माझ्या आवाजात तिने कधी ऐकली नव्हती. ती उशिरा वळली, आणि वळता वळता धुक्यातल्या तारेच्या कुंपणावर पूर्ण वेगाने आदळली.

पुढचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी धातूची पट्टी घालून जोडला, पण तो पाय ती नीट टेकू शकणार नाही आणि पुन्हा धावणार नाही, हे त्याच दिवशी सांगितलं. शेजारी अंगात ताप घेऊन, स्वेटर उलटा घालून दवाखान्यात आले होते. त्यांनी मला विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "ससा दिसला तिला. दोरी निसटली हातातून." त्यांनी माझा हात हातात घेऊन तळवा उलटून पाहिला, दोरीने कापलं तर नाही ना म्हणून. तो हात अजून मला माझा वाटत नाही.

ते मला एक शब्द बोलले नाहीत. मेंढपाळीणबाईंना मात्र त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की माझी कुत्री न सांगता सुटली, ती कळपाजवळ आणण्याच्या लायकीची नाही. न सांगता सुटलेलं कुत्रं, यापेक्षा मोठी बेअब्रू त्यांच्या मामाच्या वाडीत नव्हती. त्यानंतर रविवार थांबले. ते हरणीला भरवत, पाय चोळत, पण तिला 'चुकार' म्हणत. प्रेमानेच म्हणत. भिंत पातळ होती. "या चुकारबाई, जेवा." दोन वर्षं मी ते ऐकत होतो, आणि त्यांच्या घरून आलेली शेंगदाण्याची चटणी खात होतो.

या वसंतात माळरानावर पुन्हा कोकरू गेलं आणि मेंढपाळीणबाईंनीच निरोप पाठवला. शेजाऱ्यांनी मला चहाला बोलावलं. टेबलावर लॅपटॉप, खाली गालिच्यावर हरणी. "पाव्हणं, ह्या बारीला तुमी बी बसा निवडायला. कान देणारं कुत्रं बगू." त्यांनी ती जुनी शीट उघडली. सगळ्यात खाली एक ओळ होती. हरणी. नजर उत्तम, वेग उत्तम, दम उत्तम, आज्ञा नापास. आणि शेऱ्यात फक्त दोन शब्द: 'शिकवणारा कच्चा.'

मी म्हणालो, "ती आपणहून सुटली नव्हती."

"मंग?"

"दोरी निसटली नव्हती. मी काढली होती. आणि मी... मी तिला शू म्हणालो."

"काय म्हनाला?"

"लहान मुलांना म्हणतो ना आपण. शू. शू कर म्हणून."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. आणि गालिच्यावर हरणीचे दोन्ही कान उभे राहिले. तिचं सगळं अंग थरथरू लागलं, आणि तीन पायांवर उभी राहून ती दाराकडे निघाली.

शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते खुर्चीतून उतरले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिचं लांब तोंड दोन्ही हातांत धरलं. "म्हंजे तू ऐकलं हुतंस," ते म्हणाले. "ऐकलं हुतंस की गं बाय माजे." मग पाठमोरेच, "दोन वरसं, पाव्हणं." एवढंच. वहिनींनी माझा कप तसाच आत नेला.

आठ दिवस कुंपणावरून हाक आली नाही. चटणीही नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी बरोबर चाललंय असं वाटत होतं. वहिनींकडून माझ्या बायकोला कळलं की ते मेंढपाळीणबाईंकडे जाऊन आले. नवीन कुत्रं नको म्हणाले. फक्त एवढंच सांगून आले की कुत्री चुकली नव्हती.

नवव्या दिवशी रविवार होता. दाराची घंटी वाजली. शेजारी उभे होते, खांद्यावर ते घोंगडं, बाजूला हरणी. माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाले, "सायकल काढा. चालवू नका, ढकला."

तेव्हापासून आम्ही दर रविवारी जातो. मी सायकल हातात धरून माळरानाच्या कडेने चालत जातो, मागे घोंगडं घसटत असतं. मागून तो शब्द येतो, अगदी हळू आवाजात. मग फार वेळ काहीच होत नाही. तीन पायांचा अडखळता आवाज जवळ येत राहतो. मी मागे वळून पाहत नाही. लांडगा पाहत नसतो, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं आहे. घोंगड्याला हिसका बसायच्या आत हाक येते, "यूऽ यूऽ," आणि तो आवाज वळून परत जाऊ लागतो. तोपर्यंत चाल शक्य तितकी हळू ठेवायची, एवढंच आता माझ्या हातात आहे. ते मी नीट करतो.