पेट्यांसाठी थंड केलेली खोली

नागावच्या आमच्या घरात पर्यटकांसाठी काढलेल्या दोन खोल्या आहेत. त्यातल्या एकीलाच एसी. नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो, म्हणून खोल्यांचं सगळं मीच बघते. त्या एसीच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिरांनी पेट्या आणून ठेवल्या.

पेट्यांत कार्डं होती. परदेशी फुटबॉलवाल्यांची, जपानी कार्टूनमधल्या राक्षसांची. काही न फोडलेली पाकिटं, काही कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेली. दीर पनवेलला नोकरीला. म्हणाले, “वहिनी, वीस वर्षं हात लावायचा नाही. जमिनीपेक्षा जास्त देतील ही.” पनवेलच्या भाड्याच्या खोलीत जागा नव्हती आणि आमच्याकडची खारी, दमट हवा कार्डांना चालत नव्हती. म्हणून एसी दिवसभर चालू. भिंतीवर दमटपणा दाखवणारं एक छोटं यंत्रही लावलं. दर संध्याकाळी फोन यायचा, “किती दाखवतंय?” आई कशा आहेत, हे नंतर. कधी कधी तेही नाही.

या मे महिन्यात सासूबाईंचा दमा वाढला. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, उकाड्यात ठेवू नका. मी दिरांना फोन केला, “आईंना त्या खोलीत हलवते.”

“दार सारखं उघडझाप होणार, वहिनी. कार्डं वाकतात. आईला पंखा पुरे की.”

सासूबाई बाजेवर बसून ऐकत होत्या. छातीची घरघर मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होती. त्याच म्हणाल्या, “राहूं दे. त्याच्या पोराबाळांचं हाय ते.” दिरांचं तर लग्नही झालेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दीर एका मित्राला कार्डं दाखवायला घेऊन आले. पांढरे हातमोजे घालून खोलीतल्या टेबलावर एकेक कार्ड मांडू लागले. मी चहा घेऊन गेले, तर सासूबाई माझ्यामागून भिंतीला धरत धरत आल्या. मुलगा कशापायी एवढा जीव टाकतो, ते त्यांना एकदा बघायचं होतं. पदराला हात पुसून त्यांनी एका कार्डाकडे बोट नेलं.

दिरांनी त्यांचं मनगट धरलं. “आई, हात नको लावू! घामट आहेत तुझे.” आणि सासूबाईंना खोकला आला, तसे पाकिटांवर आडवा हात धरून म्हणाले, “तोंड तिकडे कर ना!”

मित्र हसला. सासूबाईही ओशाळून हसल्या, तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पहिली पेटी उचलून ओटीवर नेऊन ठेवली. मग दुसरी.

“वहिनी, वेड लागलंय का? उन्हात वाकतील!”

“मग गाडीत ठेवा, भाऊजी. आई आजपासून या खोलीत झोपतील.”

ते ओरडत राहिले. नवऱ्याला मेसेज टाकीन म्हणाले. मी म्हटलं, टाका. शेवटी गाडीचा एसी सुरू करून दोघांनी पेट्या आत रचल्या. मागच्या सीटवर त्या नीट बसाव्यात म्हणून आईसाठी आणलेली आंब्यांची करंडी खाली काढून ठेवली आणि निघून गेले. चहा तसाच राहिला.

सासूबाईंना आठवड्याभरात बरं वाटू लागलं. रात्रभर झोप लागायला लागली. पण माझ्याशी त्या नीट बोलेनात. एकदा केस विंचरून देताना मीच विचारलं, “आई, काय झालंय?”

“कार्डं बघायला तरी यायचा गं तो,” त्या म्हणाल्या.

दिरांनी पेट्या आता कुठल्याशा भाड्याच्या थंड गोदामात ठेवल्यात, असं नवऱ्याकडून कळलं. तिथे ते दर शनिवारी जातात म्हणे. मी हे सासूबाईंना सांगितलेलं नाही. सांगायला जाते आणि “एसी कमी करू का?” एवढंच विचारून परत येते.